षट्कोनामागचा माणूस : नॉर्मन हॉवर्थ

लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून किंवा नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर भागातून संध्याकाळी जाताना एखाद्या वर्गाच्या खिडकीतून फळ्याकडे नजर गेली, तर वर्षातले काही दिवस तेथे हमखास एक षट्कोन काढलेला दिसतो. आडवा पडलेला, किंचित वरून पाहिल्यासारखा. पुढची कड जाड, उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचे अक्षर आणि उरलेल्या कोपऱ्यांवर वरखाली टांगलेले हायड्रॉक्सिल गट. ही ग्लुकोजची आकृती. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला लागलेली मुले तिला 'हॉवर्थ प्रोजेक्शन' म्हणतात आणि उजवीकडचे गट खाली, डावीकडचे वर, असे घोकून ती वहीत उतरवतात. प्रस्तुत लेखकानेही बारावीत ती अशीच घोकली होती. हॉवर्थ हे एका माणसाचे नाव आहे, याकडे त्या वेळी लक्षही गेले नव्हते.

याच दोन जिल्ह्यांत दिवाळी झाली की ऊसतोडणी सुरू होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस एका नळीत भरून पोलरीमीटरमध्ये ठेवला जातो आणि त्यातून जाणारा ध्रुवीकृत प्रकाश किती अंशांनी वळतो, हे पाहिले जाते. त्यावरून रसातल्या साखरेचे प्रमाण निघते, साखर उतारा कळतो आणि उताऱ्यावर उसाचा दर अवलंबून असतो. म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात पडणारा पैसा एका रेणूने प्रकाश किती वळवला यावर ठरतो. तो प्रकाश का वळतो आणि तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा का घसरतो, या प्रश्नांची वाट शेवटी फळ्यावरच्या त्याच षट्कोनापर्यंत येऊन पोचते. तो षट्कोन निश्चित करणारे वॉल्टर नॉर्मन हॉवर्थ यांचे आयुष्य आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात चोर्ली गावाजवळ व्हाइट कॉपिस ही एक लहानशी वस्ती आहे. १९ मार्च १८८३ रोजी हॉवर्थ यांचा जन्म तेथे झाला. वडील लिनोलियमच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरण्याचे एक जाड, गुळगुळीत आवरण. आपल्याकडे चटणीत जाणाऱ्या जवसाचे तेल हा त्याचा मुख्य घटक. मुलाने हाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी घरची साधी अपेक्षा होती. त्याप्रमाणे चौदाव्या वर्षी नॉर्मनची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली लिनोलियमची नक्षी आणि निर्मिती शिकू लागला. तेथे त्याची रंगांशी गाठ पडली. कोणता रंग कशात मिसळल्यावर काय होते, हे पाहता पाहता रसायनशास्त्राची गोडी लागली आणि कारखान्याचे काम मागे पडले.

घरच्यांनी आणि मित्रांनी त्याला या नादापासून परावृत्त करण्याचा बराच प्रयत्न केला. मुलगा बधला नाही. त्याने जवळच्या प्रेस्टन शहरात खासगी शिकवणी लावली, सुटलेल्या शाळेचा अभ्यास भरून काढला आणि मँचेस्टर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन १९०३ मध्ये तेथे प्रवेश मिळवला. त्या वेळी त्याचे वय वीस वर्षांचे होते. आमच्या भागात आईवडील शेत विकून किंवा गहाण टाकून मुलांना शिकवणीला पाठवतात. या मुलाला शिकवणी घरच्यांच्या मनाविरुद्ध लावावी लागली होती.

पुढचा प्रवास मात्र वेगाने झाला. १९०६ मध्ये पहिल्या वर्गात पदवी. त्यानंतर विल्यम हेन्री पर्किन (धाकटे) यांच्याकडे संशोधन. शिष्यवृत्तीवर जर्मनीत ग्योटिंगेनला ओटो वालाख यांच्या प्रयोगशाळेत दाखल होऊन अवघ्या एका वर्षात डॉक्टरेट. पर्किन आणि वालाख हे दोघेही टर्पिन या वर्गातील संयुगांचे जाणकार होते. टर्पेंटाइन, कापूर, लिंबाच्या सालीचा वास ही सगळी या घराण्यातली मंडळी. हॉवर्थ यांचेही सुरुवातीचे काम त्यावरच होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात काही काळ काढून १९१२ मध्ये ते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले आणि तेथे सुगंधाकडून गोडव्याकडे वळले.

सेंट अँड्र्यूज हे त्या काळी शर्करांच्या अभ्यासाचे ब्रिटनमधील प्रमुख केंद्र होते. थॉमस पर्डी यांनी तेथे एक पद्धत रुजवली होती आणि जेम्स आयर्विन ती पुढे नेत होते. शर्करेच्या रेणूवर अनेक हायड्रॉक्सिल गट असतात. त्या प्रत्येकावर मेथिल गटाचे टोपण बसवायचे, मग रेणू तोडायचा आणि कोणत्या जागेवर टोपण बसलेले नाही ते शोधायचे, अशी ही रीत. जी जागा उघडी सापडेल, ती पूर्वी कशाला तरी जोडलेली होती, हे उघड आहे. कपाट न हलवता भिंतीला चुना दिला आणि नंतर कपाट सरकवले, तर मागची कोरी जागा कपाटाचा आकार सांगते, तसेच काहीसे. पर्डींच्या पद्धतीत चांदीचे ऑक्साईड लागे. ते महाग होते आणि कितीतरी शर्करांवर थेट चालतही नसे. हॉवर्थ यांनी १९१५ मध्ये त्याऐवजी डायमेथिल सल्फेट आणि अल्कली वापरण्याची स्वस्त, सुटसुटीत रीत काढली. हे द्रव्य भलतेच विषारी असते. पण पुढची अनेक वर्षे जगभरच्या शर्करा प्रयोगशाळांनी हीच पद्धत वापरली. पहिल्या महायुद्धात सेंट अँड्र्यूजची ही प्रयोगशाळा सरकारसाठी औषधे आणि दुर्मीळ रसायने बनवण्याच्या कामी लागली आणि हॉवर्थ त्यात गुंतले. १९२० मध्ये ते न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजात प्राध्यापक झाले, १९२२ मध्ये व्हायोलेट डॉबी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. निवृत्तीपर्यंत ते तेथेच राहिले.

आता मूळ वादाकडे यायला हवे. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. कार्बनच्या सरळ साखळीवर कोणता गट उजवीकडे आणि कोणता डावीकडे, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये तर्काच्या बळावर उकलले. त्या कामगिरीला तोड नव्हती. पण सरळ साखळीने एक कोडे सुटत नव्हते. स्फटिकरूपी ग्लुकोज नुकतेच पाण्यात विरघळवले, तर त्याचे प्रकाश वळवण्याचे मूल्य सुमारे ११२ अंश भरते आणि तासातासाने उतरत ५२.७ वर येऊन स्थिरावते. ग्लुकोजचाच दुसऱ्या प्रकारचा स्फटिक घेतला, तर १८.७ पासून चढत जाऊन तोही ५२.७ वरच थांबतो. एकाच पदार्थाची ही दोन रूपे आली कुठून? साखळीचे एक टोक तिच्याच दुसऱ्या एका कार्बनला ऑक्सिजनच्या मार्फत जाऊन मिळते आणि वलय तयार होते, असे मानले तर उत्तर मिळते. वलय मिटताना पहिल्या कार्बनवरचा गट वर तरी राहतो किंवा खाली तरी. तीच ती दोन रूपे. पाण्यात वलय उघडत आणि पुन्हा मिटत राहते, म्हणून शेवटी दोघांचे मिश्रण होते.

वलय आहे, हे बहुतेकांना पटले होते. प्रश्न होता तो किती अणूंचे, याचा. साखळीचे टोक चौथ्या कार्बनला जोडले गेले तर ऑक्सिजन धरून वलय पाच अणूंचे होते, पाचव्याला जोडले गेले तर सहा अणूंचे. फिशर यांच्या पिढीने इतर काही संयुगांच्या साधर्म्यावरून पाच अणूंचे वलय गृहीत धरले आणि ते तसेच पाठ्यपुस्तकांत उतरले. आयर्विन यांच्या संप्रदायाने तेच मानले. खुद्द हॉवर्थ यांनीही १९२५ पर्यंतच्या आपल्या लेखांतून पाच अणूंचीच वलये काढली होती.

न्यूकॅसलमध्ये असतानाच त्यांचा या गृहीतावरचा विश्वास डळमळू लागला होता. एडमंड हर्स्ट हे त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी. सेंट अँड्र्यूजचेच विद्यार्थी. हर्स्ट यांना झायलोजसारख्या पाच कार्बनांच्या शर्करेत सहा अणूंचे वलय असल्याचे पुरावे मिळत होते. मग ग्लुकोजला वेगळा नियम कसा? बर्मिंगहॅमला टोपणाच्या पद्धतीने ग्लुकोजची तपासणी नव्याने सुरू झाली. मेथिल टोपणे बसवलेले ग्लुकोज घेऊन त्याचे सावकाश ऑक्सिडीकरण केले, तेव्हा पाच कार्बनांचे एक आम्ल हाती आले. त्याच्या दोन्ही टोकांना आम्लगट होते आणि मधल्या तिन्ही कार्बनांवर, म्हणजे मूळ रेणूच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी, टोपणे शाबूत होती. चौथ्या कार्बनवर टोपण होते याचा अर्थ तो वलय मिटवण्याच्या कामात गुंतलेला नव्हता. वलय पाचव्या कार्बनवर मिटत होते. ग्लुकोजचे वलय सहा अणूंचे ठरले. १९२६ मध्ये ही सुधारणा प्रसिद्ध झाली.

या घटनेचे महत्त्व नुसते सूत्र वाचून लक्षात येत नाही. हॉवर्थ ज्यांच्या प्रयोगशाळेत शर्करा शिकले ते आयर्विन एव्हाना सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे प्रमुख झाले होते आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या विद्यावर्तुळात त्यांचे वजन मोठे होते. (पुढे १९३६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या कारभाराची पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष हेच आयर्विन होते. त्या प्रकरणानंतर सी. व्ही. रामन यांना संस्थेचे संचालकपद सोडावे लागले.) त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेली सूत्रे चुकीची आहेत, असे त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याने जाहीर करणे सोपे नव्हते. अमेरिकेत क्लॉड हडसन हे प्रकाशवलनाच्या आकड्यांवरून वेगळेच निष्कर्ष काढत होते. काही शर्करांच्या बाबतीत हॉवर्थ यांची वलये त्यांना मान्य नव्हती. हा वाद काही वर्षे चालला. अखेर १९३० च्या दशकात हडसन यांच्याच प्रयोगशाळेत पिरिआयोडिक आम्लाच्या साह्याने एक स्वतंत्र कसोटी लावली गेली आणि तिचे उत्तर सहा अणूंच्या वलयाच्या बाजूने आले. प्रतिपक्षाच्या प्रयोगशाळेतून मिळालेल्या पुराव्यानंतर वादात फारसे काही उरले नाही.

वलयांना नावे देण्याचे कामही हॉवर्थ यांनीच केले. सहा अणूंचे वलय पायरान या संयुगासारखे, म्हणून 'पायरॅनोज'. पाच अणूंचे फ्युरानसारखे, म्हणून 'फ्युरॅनोज'. फ्युरानच्या मुळाशी लॅटिनमधील कोंड्याचा शब्द आहे. या कुळातले फरफ्युरल पूर्वी कोंड्यापासून काढत आणि ते उसाच्या चिपाडापासूनही काढता येते. शर्करेच्या वलयाला कोंड्याचे नाव मिळाले ते असे.

फिशर यांची पद्धत साखळी उभी काढण्याची होती. तिच्यात वलय दाखवायचे तर एक लांबलचक वेडीवाकडी रेघ ओढावी लागे. हॉवर्थ यांनी वलय आडवे पाडले, पुढची बाजू जाड केली आणि गट वर व खाली दाखवले. कागदावर खोली आली. १९२९ मध्ये शर्करांच्या संरचनेवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ही रेखाटनपद्धती जगभर रूढ झाली. प्रत्यक्षात हे वलय सपाट नसते. ते खुर्चीच्या आकारासारखे वाकलेले असते आणि ग्लुकोज त्या आकारात ऐसपैस बसते. हॉवर्थ यांना याची कल्पना नव्हती असे नाही. रेणूच्या अशा वळणांसाठी आज सर्वत्र वापरला जाणारा 'कॉन्फर्मेशन' हा शब्द त्यांनीच त्या पुस्तकात योजला. त्या विषयाचा सविस्तर उलगडा पुढच्या पिढीने केला आणि त्याबद्दल हॅसेल व बार्टन यांना १९६९ चे नोबेल मिळाले. फळ्यावरचा सपाट षट्कोन मात्र सोयीचा म्हणून टिकून राहिला.

आता पुन्हा उसाकडे. आपण चहात घालतो ती साखर, म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी आहे. तिच्यातले ग्लुकोज सहा अणूंच्या वलयात असते, हे ठरल्यावर हॉवर्थ आणि हर्स्ट यांनी १९२७ च्या सुमारास फ्रुक्टोजकडे मोर्चा वळवला आणि ते मात्र पाच अणूंच्या वलयात असल्याचे दाखवून दिले. सुटे फ्रुक्टोज स्फटिकरूपात सहा अणूंचे वलय धरते. सुक्रोजमध्ये ग्लुकोजशी जखडले गेल्यावर पाचाचे. हे पाच अणूंचे वलय आम्लापुढे फारसा टिकाव धरत नाही. म्हणून माल्टोज किंवा दुधातल्या लॅक्टोजच्या मानाने सुक्रोजची जोडी कितीतरी लवकर फुटते. तोडलेल्या उसात आम्लता वाढते, त्यातली विकरेही कामाला लागतात आणि साखर पुन्हा ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊन बसते. त्यापासून कारखान्याला साखरेचे स्फटिक मिळत नाहीत. ते मळीत जाते. पोलरीमीटरचा काटाही खाली येतो, कारण सुक्रोज प्रकाश उजवीकडे वळवते, तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण डावीकडे. गुऱ्हाळातल्या गुळातही ही फुटलेली साखर असते. ती हवेतला ओलावा धरते आणि पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरू लागते. फडात ऊस वाळत पडला म्हणून चाळीस डिग्रीच्या उन्हात कारखान्याच्या दारात हुज्जत घालणाऱ्या शेतकऱ्याला हे रसायन माहीत नसेल. त्याचा परिणाम मात्र त्याला नेमका ठाऊक असतो.

हॉवर्थ यांचे नाव सर्वसामान्यांपर्यंत गेले ते मात्र वेगळ्याच कारणाने. अल्बर्ट सेंट-ज्योर्जी या हंगेरियन संशोधकाने १९२८ मध्ये केंब्रिजमध्ये जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून आणि काही भाज्या-फळांतून एक पांढरा पदार्थ वेगळा काढला होता. तो शर्करेच्या कुळातला दिसत होता, पण त्याची ओळख पटत नव्हती. सेंट-ज्योर्जी यांनी गमतीने आपल्या अज्ञानावरून त्याला 'इग्नोज' म्हटले. संपादकांनी ते नाव छापायला नकार दिला. ओळख पटवण्यासाठी नमुना हॉवर्थ यांच्याकडे आला, पण तो इतका थोडा होता की काम अर्धवटच राहिले. पुढे हंगेरीतील सेगेद शहराच्या परिसरात पिकणाऱ्या लाल मिरचीत हा पदार्थ भरपूर असल्याचे सेंट-ज्योर्जी यांना आढळले आणि बर्मिंगहॅमला पुरेसा साठा पोचला. हॉवर्थ, हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली आणि १९३३ मध्ये तो प्रयोगशाळेत तयारही केला. त्याच वर्षी झुरिचमध्ये टाडेउस राइखस्टाइन यांनीही तो स्वतंत्रपणे बनवला. हे क जीवनसत्त्व होते. स्कर्व्हीवरील उतारा म्हणून हॉवर्थ आणि सेंट-ज्योर्जी यांनी त्याचे नाव 'अॅस्कॉर्बिक आम्ल' ठेवले. कृत्रिमरीत्या तयार झालेले हे पहिले जीवनसत्त्व. राइखस्टाइन यांच्या पद्धतीने त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले आणि त्याचा कच्चा माल होता ग्लुकोज.

१९३७ मध्ये सेंट-ज्योर्जी यांना वैद्यकशास्त्राचे, तर हॉवर्थ यांना पॉल कारर यांच्याबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सेंद्रिय रसायनशास्त्रातील कामासाठी हा बहुमान मिळवणारे ते पहिले ब्रिटिश. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला लिनोलियम कामगार तेव्हा ५४ वर्षांचा होता. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्याभोवती तरुण संशोधकांचा मोठा गट जमला होता. त्यातले हर्स्ट, स्टॅनली पीट, मॉरिस स्टेसी पुढे आपापल्या परीने नावाजले.

पारितोषिकानंतरच्या वर्षी त्यांची प्रकृती ढासळली आणि पूर्ववत होण्यास बराच काळ लागला. तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते. ब्रिटनच्या अणुऊर्जा कार्यक्रमातील रासायनिक मंडळाचे अध्यक्षपद हॉवर्थ यांच्याकडे आले आणि बर्मिंगहॅमच्या ज्या प्रयोगशाळेत ग्लुकोजला टोपणे बसवली जात होती, तेथे शुद्ध युरेनियम तयार करण्याचे काम होऊ लागले. त्याच दिवसांत ग्लुकोजच्या लांब साखळ्यांपासून बनलेल्या डेक्स्ट्रानचा जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवाला पर्याय म्हणून उपयोग करण्याच्या दिशेनेही तेथे संशोधन झाले. एकाच छपराखाली चाललेली ही दोन कामे त्यांच्या चरित्रकारांनी शेजारीशेजारी नोंदवली आहेत. त्यांतली विसंगती आज आपल्याला बोचते. त्या युद्धकाळात ती कितपत बोचली असेल, कोण जाणे.

१९४७ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, १९४८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९४९ मध्ये पॅसिफिक विज्ञान परिषदेसाठी न्यूझीलंडला जाऊन आले. १९ मार्च १९५० रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशीच, बर्मिंगहॅमजवळच्या राहत्या घरी त्यांना हृदयविकाराने मृत्यू आला. विद्यापीठाने रसायनशास्त्राच्या इमारतीला त्यांचे नाव दिले. १९७७ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने रसायनशास्त्रावर चार तिकिटांचा संच काढला. त्यातले एक तिकीट हॉवर्थ यांच्या कामासाठी होते, पण ते क जीवनसत्त्वासाठी. ग्लुकोजच्या षट्कोनासाठी वेगळे तिकीट निघाले नाही.